सहा मैत्रिणी, एक सहल : सोलापुरातल्या एका गटाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण सोलापुरातल्या सहा मैत्रिणींचं आहे. एकाच शाळेतल्या, एकाच वर्गातल्या, आता पन्नाशीला टेकलेल्या. सहलीला कुठं जायचं यावरून त्यांच्यात इतकं बिनसलं की दोघी महिन्याच्या भिशीला यायच्या थांबल्या. त्यांच्यातल्या एकीनं मला बोलावलं, कारण महिलांच्या गटांबरोबर समुपदेशनाचं काम मी करते. पुढचं सगळं सहाजणींच्या संमतीनं लिहिलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावांऐवजी मी टोपणनावं वापरते आहे.

मित्रमैत्रिणींच्या सहलीची भांडणं किरकोळ समजली जातात. नवराबायकोचं, भावाभावाचं भांडण मिटवायला माणसं धावतात. मैत्रीत फट पडली तर ‘जाऊ दे, होईल नीट’ म्हणून सोडून देतात. मला ते पटत नाही. या वयात बाईला मैत्रिणीच उरतात ज्यांच्यापुढे ती कुणाची आई, सून किंवा मॅडम नसते. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडते आहे.

पार्श्वभूमी

‘बाई’ माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतात. ‘मालकीण’ नवऱ्याच्या बरोबरीनं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना बघते. ‘सिस्टर’ रुग्णालयात परिचारिका, महिन्यातले बरेच दिवस रात्रपाळी. ‘मॅनेजर’ बँकेत आहे. तिकिटं, खोल्या, हिशेब, सगळ्यांची आधार कार्डं जमवणं हे काम वर्षानुवर्षं तिच्याच गळ्यात. ‘पुणेकर’ लग्न होऊन पुण्याला गेली, पण माहेर इथलं. आणि ‘अक्का’. घरात कन्नड बोलणारी, शेंगा चटणी आणि कडक भाकरीचा घरगुती उद्योग चालवणारी. वर्गातही तिला सगळ्या अक्काच म्हणायच्या.

दोन वर्षांपूर्वी या सहाजणी गाडी करून महाबळेश्वरला गेल्या होत्या. तीन दिवसांत प्रतापगड, आर्थरसीट, वेण्णा लेक, पाचगणीचं टेबल लँड, मॅप्रो, शिवाय परतीला वाईचा गणपती. कार्यक्रम बाईंनी आखला होता आणि बाईंना तो आवडलाही. सिस्टर रात्रपाळी संपवून थेट गाडीत बसली होती. ती प्रत्येक पॉइंटला गाडीतच झोपून राहिली आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं, ‘झोपायचंच होतं तर घरी झोपायची की.’ बोलणारीच्या मनात काही नव्हतं. सिस्टर मात्र ते वाक्य दोन वर्षांनीही मला शब्दन्‌शब्द सांगू शकली.

त्याच सहलीतली दुसरी गोष्ट मैत्रिणींपैकी कुणालाच ठाऊक नव्हती. अक्कानं आपल्या वाट्याचे पैसे भरायला दुसरीचा नंबर मागून घेऊन भिशी आधी उचलली होती. पुढचे सहा महिने ती हप्ता देत राहिली, पण हातात काहीच आलं नाही. ‘चटणीच्या ऑर्डरसाठी लागत होते,’ असं तिनं सांगितलं आणि सगळ्यांनी ते खरं मानलं.

अडचण

दिवाळीनंतर मॅनेजरनं व्हॉट्सअॅपवर मतदान टाकलं. पर्याय चार : हंपी, मालवण, गाणगापूर–अक्कलकोट, ‘कुठंही चालेल’.

बाईंनी आणि मॅनेजरनं हंपीला मत दिलं. मालकिणीनं मालवणला, आणि तिच्या आग्रहामुळे सिस्टरनंही. अक्कानं देवदर्शनाला. पुणेकरीनं मत दिलंच नाही. दोन, दोन, एक आणि एक गप्प. यातून निर्णय निघणार नव्हता, पण त्याआधी व्हायचं ते झालं. बाईंनी लिहिलं की समुद्र काय, कुणीही बघतं, सोलापूरच्या दाराशी हंपी असून आपण पाहिलेलं नाही ही शरमेची गोष्ट आहे. मालकिणीनं उत्तर दिलं की चौथीच्या वर्गाची शैक्षणिक सहल काढायची असेल तर तिला वगळावं. अक्कानं हात जोडल्याची चित्रं टाकली. मालकीण तेवढ्यावर थांबली नाही : ‘पैशाचं कुणाला अवघड असेल तर मी भरते, पण हॉटेल चांगलंच घ्यायचं.’ त्या रात्री अक्का गटातून बाहेर पडली. पुढच्या भिशीला ती आली नाही, आणि सिस्टरही आली नाही.

मला बोलावलं ते मॅनेजरनं. तिचं पहिलं वाक्य होतं, ‘ताई, कुठं जायचं तेवढं ठरवून द्या, बाकी मी बघते.’

पहिला निर्णय : प्रश्न कोणता धरायचा

ठिकाण ठरवून देणं सोपं होतं. नकाशा समोर घ्यायचा, अंतरं मोजायची आणि सगळ्यांना थोडंथोडं मिळेल असं काहीतरी सुचवायचं. मी ते टाळलं. हंपी मिळाली असती तरी सिस्टर गाडीत झोपली असती आणि मालवण मिळालं असतं तरी अक्कानं पुन्हा भिशी उचलली असती. महाबळेश्वरला भांडण झालं नव्हतं, म्हणून ती सहल चांगली झाली असं गट धरून चालला होता. खरं तर दोघींनी ती सोसली होती.

जुळे सोलापुरात मॅनेजरच्या घरी रविवारी दुपारी सगळ्या जमल्या. पुणेकर फोनवर होती. अक्काला आणायला मॅनेजर स्वतः गेली. निरोप धाडला असता तर ती आली नसती.

मी प्रत्येकीला कागद दिला आणि ठिकाणाचं नाव लिहायला मनाई केली. लिहायचं होतं ते असं : सहलीतला एक दिवस, उठल्यापासून झोपेपर्यंत, तुला हवा तसा. सोबत वेगळी चिठ्ठी, नाव न घालता : घरी कुणाला न विचारता, कुणाकडून न घेता, तू या सहलीवर जास्तीत जास्त किती रुपये खर्चू शकतेस.

कागदांवर काय आलं

बाईंचा दिवस पहाटे साडेपाचला सुरू होत होता आणि साडेसातला त्या ‘कुठल्याही जुन्या दगडापाशी’ होत्या. हे अपेक्षितच होतं. पण दुपारी एकनंतर त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं. विचारलं तर म्हणाल्या, ‘दुपारी मलाही पडावंसंच वाटतं. पण तुम्ही सगळ्या आलेल्या, वेळ वाया जायला नको म्हणून मी ओढत नेते.’ म्हणजे महाबळेश्वरचा तो दमवणारा कार्यक्रम पूर्णपणे बाईंनाही नको होता.

सिस्टरनं लिहिलं : नऊला उठेन. चहा कुणीतरी देईल. त्यानंतर कुणीही मला ‘चल’ म्हणणार नाही.

मालकिणीच्या कागदावर समुद्र होता, पण ओळ अशी होती : ‘संध्याकाळी पाण्याकाठी बसायचं, फोन बंद, कामगार, धागा, पार्टी कुणाचा विषय नाही.’ धाग्याचे भाव आणि थकलेली येणी यांत तिचा दिवस जातो, हे तिच्या मैत्रिणींना ढोबळमानानं माहीत होतं. ती त्यातून सुटायला समुद्र मागते आहे, हे त्यांनी पहिल्यांदा ऐकलं.

मॅनेजरनं लिहिलं : ‘मला कुणी विचारू नये की आता काय.’

पुणेकरीचा कागद फोनवरून वाचून दाखवला गेला आणि त्यानं सगळ्या गप्प झाल्या. तिच्या दिवसात सिद्धेश्वराचं तळं होतं, शेतातला हुरडा होता, बाळी वेशीतून चालत जाणं होतं. ‘तुम्हाला सोलापूर सोडून पळायचं असतं आणि मला सोलापूरला यायचं असतं,’ ती म्हणाली. ‘दरवेळी मी पहाटे गाडीतून उतरते, तुम्ही मला स्टेशनवरनंच दुसऱ्या गाडीत बसवता.’ आई गेल्यापासून तिचं माहेरचं घर बंद आहे. लहानपणी संक्रांतीच्या गड्डा यात्रेत तिनं आईबरोबर नंदीध्वजांची मिरवणूक आणि संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा पाहिलेला. मतदानात तिनं मत का दिलं नाही याचं उत्तर सगळ्यांना मिळालं : तिच्या मनातलं ठिकाण यादीतच नव्हतं.

आणि अक्का. तिच्या कागदावर एकही देऊळ नव्हतं! लिहिलं होतं : ‘कुणीतरी वाढावं. मी बसून जेवावं. गरम.’

मग देवदर्शनाला मत का दिलंस, असं सिस्टरनं विचारलं. अक्का म्हणाली, ‘देवाला जाते म्हटलं की घरातनं कोण नाही म्हणत नाही. हंपीला जाते म्हटलं तर विचारतील, काय आहे तिथं? मी काय सांगू, दगडं बघायला चालले म्हणून?’ यावर हसू आलं तरी बाईंनी मान खाली घातली. आपल्या गटातल्या एकीला सहलीला निघण्याआधी घरी एक कारण सादर करावं लागतं, ही गोष्ट शाळेपासूनच्या ओळखीतही त्यांना जाणवलेली नव्हती. अशा कारणांची गरज अनेक बायकांना पडते, म्हणून बायकांच्या गटात ‘तुला कुठं जायचंय’ या प्रश्नाला मिळणारं उत्तर बरेचदा ‘मला कुठं जाऊ देतील’ याचं असतं. ते वेगळं करून घेतल्याशिवाय मतदानाला अर्थ नाही.

पैशांच्या चिठ्ठ्या मी एकटीनंच उघडल्या. सगळ्यात मोठा आकडा २५,००० होता, सगळ्यात लहान ६,०००. मी गटाला फक्त लहान आकडा सांगितला.

समोरचे पर्याय

बहुमत. हा बाद करायला वेळ लागला नाही. सहाजणींत चौघींचं जमलं तरी उरलेल्या दोघी पाहुण्यासारख्या येणार.

आळीपाळी. दर वर्षी एकीनं ठिकाण निवडायचं, बाकीच्यांनी मुकाट जायचं. मॅनेजरला हे आवडलं, कारण न्याय्य दिसतं. सिस्टरनं हिशेब मांडला : तिचा नंबर शेवटी आला तर पाच वर्षं ती दुसऱ्यांच्या सहली करत राहणार, आणि सहाव्या वर्षी बाकीच्या पाचजणी तिच्या खोलीबाहेर कंटाळून बसणार. शिवाय दर वर्षी सगळ्या मोकळ्या असतील याची खात्री कुणी द्यावी?

दोन सहली. हंपीवाल्या हंपीला, समुद्रवाल्या मालवणला. यावर मी थोडा आग्रह धरला, कारण हा पर्याय फार लवकर अपशकुनी ठरवला जातो. वेगवेगळं जाऊन मैत्री तुटत नाही. पण कागद वाचल्यावर एक दिसलं की सहाहीजणींच्या दिवसात संध्याकाळ एकत्र होती. कुणीच एकटीनं जेवायचं लिहिलं नव्हतं. म्हणून दोन सहली नको, असं त्यांनीच ठरवलं.

मालकिणीनं फरक भरायचा. ती मनापासून म्हणत होती आणि तिला ते जडही नव्हतं. बाईंना वाटलं, घ्यावेत, मैत्रिणीकडून घेण्यात काय. मी अक्काला काही विचारलं नाही, कारण उत्तर दिलं असतं तर लहान चिठ्ठी कुणाची ते उघड झालं असतं. बोलली ती सिस्टर : ‘तू पैसे भरलेस की मला नऊपर्यंत झोपायला लाज वाटेल.’ ज्याच्या पैशानं जायचं त्याच्या मनासारखं वागायचं, हे ओझं खर्चापेक्षा जड असतं. मालकिणीला हे लागलं. तिचा चेहरा उतरला आणि बराच वेळ ती बोलली नाही. देणाऱ्याचा हात मागे सारतानाही कुणीतरी दुखावतं, याची गटानं दखल घ्यायला हवी होती. त्या दुपारी ती घेतली गेली नाही.

एकच मुक्काम, सैल दिवस. शेवटी इथं आलो. एका गावी तीन रात्री राहायचं, दिवसा जिला जे करायचं ते करू द्यायचं, रात्रीचं जेवण एकत्र. सामायिक खर्च ६,०००च्या आत. त्यावरचं जिचं तिचं.

दुसरा निर्णय : गाव कसं निवडलं

सैल दिवस म्हणणं सोपं आहे, पण तो ज्या त्या गावात जमत नाही. मालवणला तारकर्लीचा किनारा एकीकडे, बाजार एकीकडे, किल्ल्याला होडीनं जायचं. सोलापूरहून जाऊन-येऊन रस्त्यातच दोन दिवस मोडतात आणि तिथं गेल्यावर सहाजणी एका गाडीला बांधलेल्या. हंपीचे अवशेष अनेक किलोमीटरवर पसरलेले आहेत. एकीला विरूपाक्षापाशी बसायचं असेल आणि दुसरीला विठ्ठल मंदिराचा दगडी रथ बघायचा असेल, की रिक्षा, वाट बघणं, फोनाफोनी आली. गाडी एक असली की दिवसही एकच होतो. महाबळेश्वरला सिस्टरचे हाल झाले ते या एका कारणानं.

म्हणून निकष असा ठरला : जिथं मुक्कामापासून पायी निघून पायी परत येता येईल, आणि एकीच्या झोपेनं दुसरीचं काही अडणार नाही, असं गाव.

बदामीचं नाव बाईंनी काढलं. सोलापूरहून होटगीमार्गे गदगकडं जाणारी रेल्वे विजापूर, बागलकोट करत थेट बदामीला पोचते. स्टेशन गावापासून पाचेक किलोमीटरवर आहे, पण गावात शिरलं की बाजार, अगस्त्य तळं आणि लेणी एकमेकांना लागून. बाईंना चालुक्यांची राजधानी मिळत होती. मालकिणीला समुद्र नाही, पण बसायला पाणी मिळत होतं. आणि गावापासून पाचेक किलोमीटरवर बनशंकरी. अक्काच्या सासरची ती कुलदेवता. घरी सांगायला यापेक्षा भक्कम कारण नव्हतं, आणि ते खोटंही नव्हतं.

तारखेवरही विचार झाला. पौषात बनशंकरीची मोठी जत्रा भरते, तेव्हा खोली मिळणं मुश्कील. भोगी-संक्रांतीच्या आधी अक्काचा धंदा जोरात असतो. ते दिवस बुडवून सहलीला नेणं म्हणजे तिच्याकडून दुप्पट पैसे घेणं. फेब्रुवारीचा पहिला आठवडा ठरला. पुणेकर दोन दिवस आधी येणार, सिस्टरकडं उतरणार, आणि त्यातली एक संध्याकाळ सगळ्यांनी सोलापुरातच घालवायची हेही ठरलं.

मालकीण हरली होती. सहाजणींत तिचीच मागणी सगळ्यात कमी पूर्ण होत होती. बाई म्हणाल्या, ‘पुढच्या वर्षी नक्की समुद्र.’ हे वचन देऊ नका, असं मी सुचवलं. पुढच्या वर्षी कुणाची सून बाळंत होईल, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघेल. मग मोडलेल्या वचनाचा नवा रुसवा. त्यापेक्षा आज तोंडावर म्हणा की तुझं यात कमी होतंय आणि ते आम्हाला कळतंय. मॅनेजरनं ते म्हटलं. मालकीण म्हणाली, ‘कळतंय ना, मग बास.’ तिनं स्वतःसाठी वेगळी खोली स्वतःच्या खर्चानं घ्यायचं मात्र ठरवलं.

प्रवासात काय झालं

सोलापुरातली संध्याकाळ अपेक्षेपेक्षा बरी गेली. बाईंच्या भावाच्या शेतात हुरडा होता, सोबत अक्काची चटणी. नंतर सगळ्या तळ्याकाठी गेल्या. पुणेकर फार बोलली नाही, पण परतताना बंद घराच्या गल्लीतून जाऊया म्हणाली आणि पाचहीजणी तिच्याबरोबर चालत गेल्या.

गाडीत भीमा ओलांडली, पुढं अलमट्टीपाशी कृष्णा. विजापूरला गोल घुमट बघायला उतरायचा बाईंचा मोह होता, पण सामान घेऊन उतरणं आणि पुढची गाडी पकडणं यात दिवस गेला असता. त्यांनी तो बेत आपणहून सोडला.

पहिल्याच रात्री ठिणगी पडली. मालकीण आपल्या खोलीत गेली. उरलेल्या पाचजणी दोन खोल्यांत, एकीत गादी वाढवून तिघी. गप्पा रंगल्या तशी मालकिणीची आठवण झाली, आणि पुणेकर म्हणाली, ‘आम्ही काय परक्या आहोत?’ मालकिणीला घोरण्याचा त्रास आहे आणि ती मशीन लावून झोपते. हे तिला सगळ्यांसमोर सांगायचं नव्हतं. तिनं ते सिस्टरला सांगितलं आणि सिस्टरनं बाकीच्यांना एवढंच सांगितलं की कारण योग्य आहे, पुढं विचारू नका. बाकीच्यांनी विचारलं नाही. मला या सहलीतला हा सगळ्यात मोठा क्षण वाटतो, कारण एकीचं न सांगितलेलं कारण पाचजणींनी विश्वासावर मान्य केलं.

सकाळी बाई आणि मॅनेजर लेण्यांकडं गेल्या. चार लेणी आहेत, तिसऱ्यात इ.स. ५७८चा शिलालेख आहे, त्यामुळे तिचा काळ नेमका ठरतो. बाईंनी दीड तास तिथं काढला आणि त्यांना कुणी घाई केली नाही. माकडांनी मॅनेजरच्या पिशवीतली केळी पळवली. सिस्टर साडेनऊला उठली. तळ्याच्या पायऱ्यांवर धुणं धुणाऱ्या बायका बघत ती आणि मालकीण दुपारपर्यंत बसून राहिल्या.

बदललेली दिसली ती अक्का. बदामीत कन्नड लागतं, आणि घरचं कन्नड असलेली ती एकटीच. रिक्षाचं भाडं, खोलीतलं गरम पाणी, औषधाचं दुकान, सगळ्यासाठी मैत्रिणी तिला पुढं करू लागल्या. बनशंकरीला देवळाबाहेर बायका टोपल्यांत ज्वारीच्या भाकऱ्या, चटण्या, भाज्या, दही घेऊन बसतात आणि झाडाखाली बसवून वाढतात. अक्का तिथं जेवायला बसली. एका बाईनं तिला वाढलं, पुन्हा वाढलं, आणि दोघी भाकरी किती दिवस टिकते, शेंगदाणा किती भाजायचा यावर तासभर बोलत राहिल्या. बाकीच्या पाचजणींना त्यातलं फारसं कळत नव्हतं. त्या थांबल्या.

तिसऱ्या दिवशी पट्टदकल आणि ऐहोळे या चालुक्यांच्या जुन्या देवळांच्या गावी जायचं होतं. जिला जायचं तिनं जीपचे पैसे स्वतंत्र द्यायचे, असा नियम. बाई, पुणेकर आणि, कुणाला वाटलं नव्हतं, अक्का अशा तिघी गेल्या. पट्टदकलला बाईंनी सांगितलं की विरूपाक्षाचं देऊळ लोकमहादेवीनं आणि शेजारचं मल्लिकार्जुनाचं त्रैलोक्यमहादेवीनं बांधवलं. दोघी दुसऱ्या विक्रमादित्याच्या राण्या. ऐहोळेला मेगुती टेकडीवर कवी रविकीर्तीचा इ.स. ६३४चा शिलालेख आहे आणि त्यात ९९,००० गावांच्या तीन ‘महाराष्ट्रक’ प्रदेशांचा उल्लेख येतो. बाई तिथं उभ्या राहून हे सांगत होत्या आणि अक्का तेच तिथल्या चार पोरींना कन्नडमध्ये सांगत होती. बाईंनी नंतर मला फोन केला तो फक्त हे सांगायला.

त्याच रात्री मोठं भांडण झालं. रात्रीचं जेवण आठला एकत्र, हा एकच सक्तीचा नियम होता. सिस्टर संध्याकाळी झोपली ती उठलीच नाही. पाचजणी खानावळीत साडेनऊपर्यंत थांबल्या, खानावळ बंद व्हायला आली, भाजी संपली. मॅनेजर चिडून म्हणाली, ‘एक नियम होता, एक.’ सिस्टर म्हणाली, ‘मग जेवायचं होतं की, मी कुठं धरून ठेवलं होतं?’ दोघींचं बरोबर होतं. एकत्र जेवायचं ठरवलं, पण एखादी आली नाही तर काय, हे ठरवलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ते ठरवलं : पंधरा मिनिटं थांबायचं, मग जेवायचं, आणि तिच्यासाठी बांधून आणायचं. कुणी काही म्हणायचं नाही.

निष्पत्ती

सामायिक खर्च माणशी ६,०००च्या किंचित आत बसला. महिनाभरानं मी सहाजणींशी वेगवेगळं बोलले.

अक्का गटात परत आली आहे. महाबळेश्वरच्या पैशांची गोष्ट तिनं बदामीच्या दुसऱ्या रात्री मैत्रिणींना आपणहून सांगितली. माझ्या मते ती चिठ्ठ्यांमुळे निघाली नाही. घर सोडून बाहेर आपल्याला किंमत आहे हे दिसल्यावर निघाली. सिस्टर म्हणाली, तिला नऊपर्यंत झोपू दिलं म्हणून दुपारी ती खरंच जागी होती. बाईंना हंपी राहिल्याची चुटपुट आहे; त्या शाळेतल्या सहकाऱ्यांबरोबर जायचं बघताहेत, आणि मैत्रिणींशिवाय तिथं जाण्यात त्यांना वाईट वाटत नाही. पुणेकर म्हणाली की पुढच्या वेळी सोलापुरात दोन संध्याकाळी हव्यात.

मालकीण पुन्हा येईन म्हणाली, पण उत्साहानं नाही. तिला वाटतं की सगळ्यात लहान आकड्यावर सहल बेतली की तिला दरवेळी स्वतःला आवरावं लागेल. यावर माझ्याकडं सोपं उत्तर नाही. ज्याच्याकडं कमी आहे त्याला जपताना ज्याच्याकडं जास्त आहे त्याच्या मनाचंही काही जपावं लागतं, आणि या गटानं ती बाजू अजून सोडवलेली नाही.

मॅनेजरचं ओझं तर जवळपास तसंच राहिलं. रोज एकीनं सगळं बघायचं असं वेळापत्रक केलं होतं. पहिला दिवस बाईंनी नीट सांभाळला, दुसरा सिस्टरनं कसाबसा, आणि तिसऱ्या दिवसापासून पुन्हा सगळ्या तिलाच विचारू लागल्या.

वेगळं काय करता आलं असतं

मतदान शेवटी घ्यायला हवं होतं. दिवसाचे कागद आधी आणि ठिकाणांची यादी त्यावरून, असं झालं असतं तर तो कडवटपणाही आला नसता.

मालकिणीचा प्रस्ताव नाकारताना तिला दुसरं काही देता आलं असतं. उदाहरणार्थ, एका रात्रीचं सगळ्यांचं जेवण तिच्याकडून. एकवेळच्या जेवणानं कुणी मिंधं होत नाही आणि देणारीलाही दिल्याचं समाधान मिळतं. मैत्रीत पैसा अजिबात आणायचा नाही असं म्हणून तो जात नाही. त्याला जागा नेमून द्यावी लागते.

वेगळ्या खोलीची गोष्ट निघण्याआधी उघड बोलायला हवी होती. कारण सांगायची गरज नव्हती, पण ‘मी वेगळी झोपणार आहे’ एवढं सगळ्यांना ठाऊक असतं तर पहिल्या रात्री कुणी दुखावलं नसतं.

आणि मॅनेजरची सुटका निघण्याच्या दिवशी होणार नव्हती. तिकिटं आणि खोल्या तिनंच काढल्यामुळे सगळी माहिती तिच्याच फोनमध्ये होती. दुसरीला काम द्यायचं तर ते बुकिंगपासून द्यायला हवं. वेळापत्रकात फक्त नाव लिहिलं तर ते निभत नाही.

सध्या त्यांनी सहलीसाठी वेगळी भिशी काढली आहे. महिना ५००, वर्षाला ६,०००, आणि यात कुणी आधी उचलायची नाही. पैसे बाईंच्या ताब्यात असतात, मॅनेजरच्या नाही. जी ऐनवेळी येणार नाही तिला तिचे पैसे परत द्यायचे की पुढच्या वर्षाला धरायचे, यावर मात्र त्यांचं एकमत झालेलं नाही. पुढच्या भिशीला तो विषय पुन्हा निघणार आहे.